आकडा छापला म्हणजे पैसा मिळाला असे होत नाही



महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला, हे आपल्या वस्तीतल्या लहान पोरालाही पाठ असते. पण त्याच्या बरोबर २४ दिवस आधी, २४ फेब्रुवारी १९२७ रोजी, बाबासाहेब कुठे होते आणि काय बोलत होते, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? ते मुंबई कायदेमंडळात होते आणि प्रांताच्या अर्थसंकल्पावर बोलत होते. त्यांचा एक मुद्दा शेतसाऱ्याचा होता. आयकर लावताना माणसाची कमाई पाहिली जाते आणि ठराविक रकमेखाली कर माफ असतो. मग शेतसारा मात्र बड्या जहागीरदाराला आणि तुकडाभर जमिनीच्या धन्याला एकाच न्यायाने का लावता, असा त्यांचा सवाल होता.

म्हणजे पाण्याला हात लावण्याच्या आधी त्यांनी सरकारी तिजोरीच्या हिशेबाला हात घातला होता. आपण मात्र तळे लक्षात ठेवले आणि हिशेब विसरलो. दरवर्षी मार्चमध्ये विधिमंडळात अर्थसंकल्प मांडला जातो आणि एप्रिलमध्ये आपली जयंती येते. एप्रिलची तयारी आपण दोन महिने आधी सुरू करतो. मार्चकडे कोणी बघतही नाही. आपल्या वाट्याचा पैसा नेमका त्याच महिन्यात इकडचा तिकडे होतो. हा लेख त्या महिन्याविषयी आहे.

आमच्या वस्तीत एक आजी राहते. नवरा गेला, मुलगा गेला, सून माहेरी निघून गेली. तिला संजय गांधी निराधार योजनेचे पैसे मिळतात. वस्तीत त्याला सगळे ‘पगार’ म्हणतात. गेल्या वर्षी सलग चार महिने तिचा पगार आला नाही. मी तिला घेऊन संबंधित कार्यालयात गेलो. पहिल्या खेपेला सांगितले, आधार जोडलेले नाही. दुसऱ्या खेपेला सांगितले, हयातीचा दाखला पाहिजे. तिसऱ्या खेपेला तिथल्या बाबूने खरे ते सांगून टाकले, “वरून निधीच आला नाही, आला की पडेल.” परत येताना रिक्षात आजी मला म्हणाली, “बाळा, टीव्हीवर तर सांगत व्हते की बजेटात गरिबाला लई पैसा ठिवलाय. मग त्यो ठिवला कुठं?”

समाजशास्त्रात एमए करताना दोन वर्षांत मला कोणी इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. त्याचे उत्तर आपल्याला देता आले पाहिजे.

अर्थसंकल्पात छापलेली रक्कम ही खर्च करण्याची परवानगी असते. पैसा त्यानंतर निघतो. आधी तरतूद होते. मग वित्त विभाग त्यातली किती टक्के रक्कम वापरायला सोडायची ते ठरवतो. ती विभागाकडे जाते, विभागाकडून जिल्ह्याकडे आणि जिल्ह्याकडून तालुक्याकडे. तिथे देयक तयार होते, कोषागारात मंजूर होते आणि मग कुठे खात्यात रक्कम जमा होते. या वाटेवर कुठेही पैसा अडू शकतो. जो ३१ मार्चपर्यंत खर्च होत नाही तो परत जातो, म्हणजे व्यपगत होतो. काही वेळा तो त्याआधीच दुसऱ्या कामाकडे वळवला जातो. त्याला सरकारी भाषेत ‘पुनर्विनियोजन’ म्हणतात. शब्द इतका जड आहे की त्याच्या आड काहीही लपवता येते.

म्हणून अर्थसंकल्पाचे पुस्तक उघडले की तीन रकाने बघायला शिका. पहिला येत्या वर्षाचा अंदाज, दुसरा चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि तिसरा त्याच्याही मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च. मंत्री भाषणात पहिला रकाना वाचून दाखवतात. वर्तमानपत्रांचे मथळेही त्याच्यावरच होतात. आपले दुखणे तिसऱ्या रकान्यात असते आणि तो येईपर्यंत दोन वर्षे उलटलेली असतात. तोवर ज्या पोराची शिष्यवृत्ती अडली, त्याने कॉलेज सोडलेले असते.

पैसा कमी पडला की सरकार कुणाचा आधी थांबवते? पगार थांबवता येत नाहीत, कर्मचारी संपावर जातील. निवृत्तिवेतन थांबवता येत नाही. कर्जावरचे व्याज तर थांबवता येतच नाही, कारण संविधानाच्या कलम २०२ नुसार तो ‘भारित’ खर्च आहे, त्यावर सभागृहात मतदानसुद्धा होत नाही. म्हणजे खर्चाचा एक मोठा हिस्सा कायद्याने बांधलेला असतो. दुसरा हिस्सा मतांनी बांधलेला असतो. निवडणुकीत ज्याचा गाजावाजा झाला, त्याला हात लावायची हिंमत कोणाची होत नाही. उरतो तो तिसरा हिस्सा, ज्याला ना कायद्याचा आधार असतो ना मतांचा धाक. एखाद्या शासन निर्णयावर तो उभा असतो. तिजोरीत खडखडाट झाला की पहिली कुऱ्हाड तिथे पडते. आपल्या समाजाचा बहुतेक पैसा या तिसऱ्या हिश्श्यात आहे. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे. आपल्या पैशाला कायद्याचे कुंपण नाही, म्हणून कोणीही येतो आणि त्यात चरून जातो.

याचे सर्वात मोठे उदाहरण अनुसूचित जाती उपयोजनेचे आहे. १९७९ साली ‘विशेष घटक योजना’ या नावाने ही कल्पना आली. त्यामागचे तत्त्व साधे होते. सरकारचा विकासाचा पैसा गावात येतो, पण गावकुसाच्या आत थांबतो, वस्तीपर्यंत पोहोचत नाही. म्हणून लोकसंख्येत जेवढा वाटा, तेवढा निधी वेगळा काढून फक्त आपल्यासाठी खर्च करायचा. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जातींची लोकसंख्या ११.८ टक्के आहे. म्हणजे कार्यक्रमांवरच्या खर्चातला तेवढा वाटा आपल्या नावाने निघायला हवा. अर्थसंकल्पात या वाट्याला स्वतंत्र क्रमांकही आहे. लेखाशीर्षाच्या रांगेत ‘७८९’ हे गौणशीर्ष दिसले की समजा, तो पैसा अनुसूचित जाती उपयोजनेचा आहे. ‘७९६’ दिसले तर तो आदिवासी बांधवांचा.

आता मे २०२५ मध्ये काय झाले ते आठवा. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१०.३० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५.७० कोटी रुपये वळवले गेले. खुद्द सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. ज्या खात्याचा मंत्रीच आपला पैसा राखू शकत नाही, त्या खात्याकडून आजीने काय अपेक्षा ठेवायची?

सरकारच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो आणि तो आपणही समजून घेतला पाहिजे. लाडकी बहीण योजनेत अनुसूचित जातीच्या महिलाही आहेत, मग त्यांच्या वाट्याचा खर्च त्यांच्या उपयोजनेतून केला तर बिघडले कुठे? वरवर हे बरोबर वाटते. माझ्या ओळखीच्या काही कार्यकर्त्यांनाही ते पटले होते.

पण जरा विचार करा. ही योजना राज्यातल्या सगळ्या पात्र महिलांसाठी आहे. आपल्या बहिणीला ते १५०० रुपये या राज्याची नागरिक म्हणून मिळतात, जसे शेजारच्या इतर जातीतल्या बहिणीला मिळतात. मग तिचा हप्ता सर्वसाधारण तिजोरीतून आणि आपल्या बहिणीचा हप्ता आपल्या उपयोजनेतून, हा कुठला न्याय? उपयोजना ही नागरिक म्हणून मिळणाऱ्या गोष्टींच्या वर, शतकांची दरी भरून काढण्यासाठी होती. सर्वांसाठीच्या योजनेचे बिल तिच्यावर फाडले की दरी भरायचे पैसे संपले आणि दरी तिथेच राहिली. उद्या रस्त्यावरचे दिवे आपल्या वस्तीवरही उजेड पाडतात म्हणून विजेचे बिलही उपयोजनेतून भरतील!

एक साधा हिशेब मांडतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत मुंबई-पुण्यासारख्या शहरात वसतिगृह न मिळालेल्या विद्यार्थ्याला वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. ४१०.३० कोटीला ६० हजाराने भागा. ६८ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे वर्षभराचे राहणे-जेवणे त्यात निघते. तेवढी रक्कम एका हप्त्यासाठी गेली.

गैरसमज नको. लाडकी बहीण योजनेला माझा विरोध नाही. ज्या बाईच्या हातात आयुष्यात कधी स्वतःचा रुपया आला नाही, तिच्या खात्यात १५०० रुपये येणे ही लहान गोष्ट नाही. माझा प्रश्न असा आहे की तिची बहीण असलेल्या निराधार बाईला सरकार काय न्याय लावते. लाडकी बहीण योजनेसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख आहे. संजय गांधी निराधार योजनेची मर्यादा मात्र वर्षानुवर्षे २१ हजारांवर थांबून राहिली. महिन्याला १७५० रुपये! इतक्या पैशात जगणारे कुटुंब असू शकते का? म्हणजे खरा दाखला मागायला गेलेली बाई अपात्र ठरते आणि पात्र व्हायचे तर खोटा दाखला काढावा लागतो. गरिबाला आधी खोटे बोलायला लावायचे आणि मग तो खोटारडा म्हणून छाननी करायची. शिवाय दुसऱ्या सरकारी योजनेतून १५०० रुपये मिळत असतील तर लाडकी बहीण लागू होत नाही. म्हणजे जिला कोणीच नाही तिलाही १५०० आणि जिच्या घरात दोन कमावते हात आहेत तिलाही १५००. फरक इतकाच की दुसरीचा हप्ता चुकला तर विधानसभेत गोंधळ होतो आणि पहिलीचा चार महिने चुकला तरी कोणाला पत्ता लागत नाही.

आणि मतांनी बांधलेला पैसा तरी किती पक्का? २०२४ च्या निवडणुकीत १५०० चे २१०० करू असे आश्वासन दिले गेले. निवडणूक झाली, छाननी सुरू झाली आणि नावे गळायला लागली. मत देऊन झाले की मताचा धाकही संपतो.

हे एका पक्षाचे पाप आहे असे समजून कोणी खूश होऊ नये. २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांसाठी दिल्लीत अनुसूचित जाती उपयोजनेचे शेकडो कोटी रुपये वळवले गेले होते. तेव्हा दिल्लीत आणि केंद्रात दोन्हीकडे काँग्रेसचे सरकार होते. माहितीच्या अधिकारात ते उघड झाले आणि संसदेत सरकारला कबूल करावे लागले. कर्नाटकात २०१३ पासून उपयोजनेचा कायदा आहे. तरीही त्यातल्या ७-ड या पळवाटेने वर्षानुवर्षे सर्वसाधारण कामांचा खर्च उपयोजनेत दाखवला गेला. चळवळीच्या रेट्याने २०२३ मध्ये ते कलम काढावे लागले. पण त्याच सरकारने आपल्या गॅरंटी योजनांसाठी उपयोजनेतले हजारो कोटी वापरले. झेंड्याचा रंग बदलला तरी हात त्याच डब्यात जातो.

मग कायदा करून काय फायदा, असे कोणी विचारेल. फायदा हा की कर्नाटकातल्या कार्यकर्त्यांना ‘हे कलम काढा’ असे बोट ठेवून म्हणता आले. तेलंगणाच्या २०१७ च्या कायद्यात तर न खर्चलेला निधी पुढच्या वर्षी भरून देण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रात आपण कशावर बोट ठेवणार? फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव प्रत्येक भाषणात घेणाऱ्या या राज्यात उपयोजनेचा कायदाच नाही.

योजना आणि कायदेशीर हक्क यांतला हा फरक बाबासाहेबांनी फार आधी ओळखला होता. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना त्यांनी सांगितले की बाळंतपणाच्या काळात आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा मोठा भार सरकारने उचलला पाहिजे. १९४२ ते १९४६ या काळात ते मजूर मंत्री असताना कामगारांच्या आरोग्य विम्याचा अभ्यास करण्याचे काम प्रा. अडारकरांकडे सोपवले गेले. त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला, ज्याला आपण ईएसआय म्हणतो.

ईएसआयची रचना बघा. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के जमा होतात. आजारी पडला तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम, दवाखाना, बाळंतपण, कामावर अपघात झाला तर भरपाई. यात कोणी कोणाला लाडका म्हणत नाही. कोणत्या मंत्र्याचा फोटो लागत नाही. कामगार आपला हिस्सा भरतो आणि हक्काने मागतो. निवडणूक असो वा नसो, त्याचा लाभ बदलत नाही. विमा आणि खैरात यांत फरक आहे तो इथे.

१९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये बाबासाहेब याच्याही पुढे गेले. विमा हा सरकारचा एकाधिकार असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या कमाईच्या प्रमाणात विमा घेणे सक्तीचे असावे, असे त्यांनी मांडले. त्यांनी याची दोन कारणे दिली. एक, माणसाला खात्रीची सुरक्षितता मिळते. दुसरे, त्या हप्त्यांतून सरकारच्या हाती विकासासाठी भांडवल येते, नाहीतर तेच भांडवल चढ्या व्याजाने बाजारातून उचलावे लागते. बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते हे आपण अभिमानाने सांगतो. ते अर्थशास्त्र काय होते, ते हे होते. गरिबाची सुरक्षितता आणि सरकारची तिजोरी या एकमेकींच्या वैरिणी नाहीत, हे त्यांनी दाखवून दिले.

आता जमिनीवर काय आहे ते बघा. ईएसआयची पगार मर्यादा २०१७ पासून महिना २१ हजारांवर अडकली आहे आणि दहापेक्षा कमी माणसे असलेली बहुतेक ठिकाणे बाहेर आहेत. घरकाम करणाऱ्या बाया, कचरा वेचणाऱ्या बाया, शेतमजूर, म्हणजे आपली निम्मी वस्ती बाहेर. जे आत आहेत त्यांचे तरी काय? आमच्या शहरातल्या कंत्राटी सफाई कामगार बायांपैकी चौघी माझ्याकडे आल्या होत्या. पगाराच्या पावतीवर दर महिन्याला कपात दिसत होती, पण एकीकडेही विमा क्रमांक नव्हता. त्यातल्या एकीचे गर्भपिशवीचे ऑपरेशन खासगी दवाखान्यात सावकाराच्या पैशाने झाले होते. आम्ही अर्ज केले, पावत्या जोडल्या, पाठपुरावा केला. सात महिन्यांनी चौघींना क्रमांक मिळाले. सावकाराचे कर्ज ती बाई अजून फेडते आहे. पण हे भांडण आम्ही जिंकू शकलो, कारण हातात कायदा होता. आजीच्या पगारासाठी मात्र मी फक्त विनंती करू शकलो.

बांधकाम कामगारांचेही तसेच. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर उपकर लागू झाला, तो कामगार कल्याण मंडळाकडे जमा होतो. देशभरात हा पैसा पडून राहतो यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कडक शब्दांत सुनावले. पैसा आहे, कायदा आहे, पण ९० दिवस काम केल्याचा दाखला ठेकेदार देत नाही म्हणून नोंदणी होत नाही. म्हणजे कायदा असला तरी त्याच्या मागे उभी राहणारी संघटना लागते.

मग काय करायचे? मोर्चे काढूच, पण त्याआधी घरचा अभ्यास करू. प्रत्येक तालुक्यात आपल्या दोन-तीन मुलामुलींनी अर्थसंकल्प वाचायला शिकावे. वाणिज्य शाखेचे असतील तर उत्तमच. सामाजिक न्याय विभागाच्या मागण्यांचे पुस्तक संकेतस्थळावर मिळते, त्यात ‘७८९’ शोधावे. ‘बीम्स’ प्रणालीवर किती निधी सोडला आणि किती खर्च झाला ते दिसते, त्याची दर तिमाहीला नोंद ठेवावी. जिल्हा नियोजन समितीने अनुसूचित जाती घटकातून कोणती कामे मंजूर केली, त्याची यादी माहितीच्या अधिकारात मागावी आणि त्या कामावर प्रत्यक्ष जाऊन उभे राहावे. रस्ता वस्तीतला आहे की वस्तीच्या बाजूने कोणाच्या शेतावर गेलेला आहे, हे डोळ्यांनी बघावे. महालेखापरीक्षकांचे अहवाल वाचावे. संविधान सभेत बाबासाहेबांनी महालेखापरीक्षकाला संविधानातील बहुधा सर्वात महत्त्वाचा अधिकारी म्हटले होते, ते उगाच नाही.

आणि मागणी एकच, पण ठाम ठेवावी. महाराष्ट्रात अनुसूचित जाती उपयोजनेचा कायदा करा. लोकसंख्येएवढा वाटा, तो वळवण्यास बंदी, न खर्चलेला निधी पुढच्या वर्षी परत आणि वळवणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई, या चार गोष्टी त्यात हव्यात. जयंतीला मंचावर येणाऱ्या प्रत्येक आमदाराला, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, हार घालण्याआधी माईकवर हा एकच प्रश्न विचारा. उत्तर दिले नाही तर पुढच्या वर्षी बोलावू नका.

कोणी म्हणेल, सरकारकडे पैसाच नाही. आजी साबण घेते, चहापत्ती घेते, बिस्किटाचा पुडा घेते, प्रत्येकावर कर भरते. श्रीमंताच्या साबणावर जो कर, तोच तिच्या साबणावर. १९२७ चा शेतसाऱ्याचा प्रश्न आजही तसाच आहे. तिजोरी भरताना तिला सूट नाही, तर तिजोरी उघडताना ती शेवटची का?

पाचव्या महिन्यात आजीचा पगार आला. थकलेल्या चारपैकी दोन महिन्यांचे पैसे मिळाले, उरलेल्या दोन महिन्यांचे अजून नाहीत. ती मला भेटली की विचारते, “बाळा, ते दोन महिनं कुठं ग्येलं?” त्या दोन महिन्यांचा माहितीचा अर्ज मी टाकला आहे. उत्तर आले की तिला वाचून दाखवीन.

जय भीम! जय संविधान!